जनुकपरिवर्तित खाद्यपदार्थांची ओळख

ज्या वनस्पतीच्या, प्राण्याच्या किंवा सूक्ष्मजीवाच्या आनुवंशिक द्रव्यात दुसऱ्या जीवाचे अथवा कृत्रिम रीत्या जुळविलेले जनुक (आनुवंशिक गुणधर्माचे एकक) प्रयोगशाळेत घालून कायमचा बदल केलेला असतो, त्या जीवापासून मिळणाऱ्या अन्नास जनुकपरिवर्तित खाद्यपदार्थ म्हणतात. असे पदार्थ आपल्या आहारात नसावेत, असे मानणारा ग्राहकवर्ग अनेक देशांत आहे. काहींचा आक्षेप आरोग्याच्या, तर काहींचा पर्यावरणाच्या दृष्टीने असतो. बियाण्यावरील मूठभर कंपन्यांची मक्तेदारी काहींना मान्य नसते, तर काहींचा विरोध धार्मिक अथवा आहारविषयक आचारांतून येतो. कारण कोणतेही असले, तरी अशा ग्राहकापुढील अडचण एकच असते व ती ओळखण्याची असते. रंग, वास, चव, आकार किंवा टिकाऊपणा यांवरून जनुकपरिवर्तित पदार्थ ओळखता येत नाही. पिकांची माहिती, वेष्टनावरील मजकूर, प्रमाणपत्रे, प्रयोगशाळेतील चाचणी व शासकीय नोंदी ही ओळखीची साधने होत. प्रस्तुत नोंदीत या साधनांचा व त्यांच्या मर्यादांचा, मुख्यत्वे भारतातील परिस्थितीच्या संदर्भात, विचार केला आहे.

गैरसमज : संकरित म्हणजे जनुकपरिवर्तित, हा सर्वांत मोठा गैरसमज होय. संकरामध्ये एकाच जातीच्या (क्वचित निकटच्या जातींच्या) दोन वाणांचा परागणाने संयोग घडवून आणतात. त्यात परक्या जीवाचे जनुक येत नाही. महाराष्ट्रात १९६० नंतर पसरलेली ‘हायब्रिड’ ज्वारी, बाजारातील जाड सालीचे टोमॅटो, ‘तैवानी’ म्हणून ओळखली जाणारी पपई, मधुर मका, बेबी कॉर्न व ढोबळी मिरची हे सर्व पारंपरिक पैदाशीचे फलित आहे. काही टोमॅटो पंधरवडाभर टिकतात, ते पक्वता लांबविणाऱ्या एका नैसर्गिक उत्परिवर्तनामुळे. बिनबियांची द्राक्षेही अशाच नैसर्गिक उत्परिवर्तनातून मिळाली व कलमांनी वाढविली गेली. बिनबियांचे कलिंगड हे गुणसूत्रांचे तीन संच असलेले त्रिगुणित फळ असून त्याचाही जनुकपरिवर्तनाशी संबंध नाही. फळ मोठे, एकसारखे अथवा बेचव असणे हा वाणाचा, खताचा, पाण्याचा वा अकाली तोडणीचा परिणाम असतो.

फळांवर चिकटविलेल्या छोट्या चकतीवरील आकड्यांविषयीही असाच एक समज रूढ आहे. आठ या आकड्याने सुरू होणारा पाच अंकी क्रमांक जनुकपरिवर्तित फळाचा असतो, असे सांगितले जाते. हे क्रमांक हिशेबाच्या सोयीसाठी व्यापाऱ्यांनी ठरविलेले असून त्यांचा वापर ऐच्छिक आहे. आठने सुरू होणारी मालिका एकेकाळी या कामासाठी राखून ठेवली होती, हे खरे; परंतु किरकोळ विक्रीत ती प्रत्यक्षात वापरली गेली नाही. नऊने सुरू होणारा क्रमांक मात्र सेंद्रिय मालासाठी वापरतात. सारांश, या चकतीवरून जनुकपरिवर्तित फळ ओळखू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

प्रत्यक्ष उपलब्ध पिके : भिन्न जीवांच्या डीएनएचे तुकडे जोडून ते जंतूमध्ये वाढविण्याचे तंत्र १९७३ मध्ये स्टॅन्ली कोएन व हर्बर्ट बॉयर यांनी सिद्ध केले. १९८३ मध्ये ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशिअन्स या मृदेतील सूक्ष्मजंतूच्या मदतीने वनस्पतींत परके जनुक घालण्यात यश आले. अन्नव्यवसायात हे तंत्र प्रथम शिरले ते वनस्पतींच्या नव्हे, तर एंझाइमाच्या रूपाने. चीज तयार करताना दूध साकळविण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरीत. त्यातील कायमोसीन हे एंझाइम परिवर्तित सूक्ष्मजीवांकडून तयार करून वापरण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० मध्ये परवानगी मिळाली. १९९४ मध्ये त्याच देशात उशिरा मऊ पडणारा ‘फ्लेव्हर सेव्हर’ टोमॅटो विक्रीस आला. तो व्यापारी दृष्ट्या टिकला नाही. १९९६ पासून तृणनाशक सहन करणारे सोयाबीन आणि कीडरोधक मका यांची लागवड झपाट्याने वाढली. २०१९ मध्ये जगात सु. १९ कोटी हेक्टर क्षेत्र जनुकपरिवर्तित पिकांखाली होते व त्याचा फार मोठा भाग सोयाबीन, मका, कापूस आणि कॅनोला (मोहरीवर्गीय तेलबी) या चार पिकांनी व्यापलेला होता.

परिवर्तित पिकांची यादी वास्तविक लहान आहे, ही गोष्ट ग्राहकाने प्रथम ध्यानात घ्यावी. अमेरिकेच्या कृषी खात्याने वेष्टनावरील उल्लेखासाठी ठरविलेल्या यादीत लसूणघास, सफरचंदाचे काही वाण, कॅनोला, मका, कापूस, वांग्याचे काही वाण, विषाणुरोधक पपई, गुलाबी गराचे अननस, बटाटा, सामन मासा, सोयाबीन, एका प्रकारचा भोपळा, शर्कराकंद (साखरेचे बीट) व ऊस एवढ्याच चौदा नोंदी आहेत. यांपैकीही अनेकांचे परिवर्तित वाण मोजक्या क्षेत्रातच घेतले जातात. याखेरीज अर्जेंटिनात अवर्षणसहिष्णू गव्हाचा व ऑस्ट्रेलियात करडईच्या एका वाणाचा समावेश करावा लागेल. तांदळाच्या बाबतीत फिलिपीन्सने अ-जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य असलेल्या ‘सोनेरी भाता’च्या लागवडीस २०२१ मध्ये परवानगी दिली, पण २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती रद्द केली. तूर, हरभरा, मूग, भुईमूग, तीळ, नारळ, केळी, आंबा, कांदा व मसाल्याचे पदार्थ यांचे कोणतेही परिवर्तित वाण भारतीय बाजारात नाहीत. यामुळेच मीठ, पाणी, हळद वा डाळ यांच्या पुड्यांवर ‘जनुकपरिवर्तनमुक्त’ असे ठळकपणे छापणे ही माहिती नसून जाहिरात होय. मिठात व पाण्यात तर जनुकेच नसतात.

चाचणी व तिच्या मर्यादा : परिवर्तित पिकात घातलेल्या डीएनएचा विशिष्ट तुकडा पॉलिमरेज शृंखला विक्रियेने (पीसीआर) कोट्यवधी पटींनी वाढवून ओळखता येतो. बहुसंख्य परिवर्तित पिकांत फुलकोबीच्या केवडा रोगाच्या (मोझेइक) विषाणूपासून घेतलेला ‘३५ एस’ हा प्रवर्तक आणि ॲग्रोबॅक्टेरियमपासून घेतलेला ‘नॉस’ हा समापक हे दोन तुकडे आढळतात. म्हणून प्राथमिक चाचणीत त्यांचाच शोध घेतात. त्यानंतर विशिष्ट वाणाची ओळख व त्याचे शेकडा प्रमाण ठरविण्यासाठी निराळ्या चाचण्या कराव्या लागतात. बियाणे वा पानांच्या बाबतीत नव्या प्रथिनाचा शोध घेणारी कागदी पट्टी शेतातही वापरता येते.

तथापि चाचणीसाठी डीएनए किंवा प्रथिन शिल्लक असावे लागते. तेलाचे शुद्धीकरण करताना डिंकद्रव्ये काढणे, उदासिनीकरण, विरंजन आणि उच्च तापमानात वाफेने गंधनिवारण या क्रिया करतात. परिणामी शुद्ध तेलात डीएनए व प्रथिने जवळजवळ उरत नाहीत. परिवर्तित शर्कराकंदापासून केलेली साखर आणि साध्या कंदापासून वा उसापासून केलेली साखर या दोन्ही रासायनिक दृष्ट्या सुक्रोजच होत. स्टार्चपासून केलेला ग्लुकोजाचा पाक, लेसिथीन, जीवनसत्त्वे यांबाबतही कमी-अधिक प्रमाणात हेच म्हणता येते. येथे ग्राहकाला आपला आक्षेप नेमका कशाला आहे, हे ठरवावे लागते. परके जनुक वा प्रथिन पोटात जाऊ नये, एवढाच हेतू असेल, तर शुद्ध तेल व साखर यांविषयी चिंतेचे कारण राहत नाही. परंतु त्या पद्धतीच्या शेतीस आपल्या पैशाचा हातभार लागू नये, असा हेतू असेल, तर प्रयोगशाळा निरुपयोगी ठरते. मग बियाण्यापासून दुकानापर्यंत मालाची कागदोपत्री मागोवा ठेवणारी व्यवस्था हाच एक आधार उरतो. या दोन हेतूंची गल्लत झाल्यामुळे या विषयावरील बराचसा वाद निष्फळ झालेला दिसतो.

वेष्टनावरील उल्लेख : वरील दोन दृष्टिकोनांचे प्रतिबिंब निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत पडलेले आहे. यूरोपीय संघाने २००३ मध्ये केलेले व २००४ पासून अंमलात आलेले नियम उत्पादनपद्धतीवर आधारलेले आहेत. अंतिम पदार्थात डीएनए उरलेला नसला, तरी परिवर्तित सोयाबीनच्या तेलावर तसा उल्लेख करावा लागतो. नकळत झालेली भेसळ प्रत्येक घटकाच्या ०.९ टक्क्यापर्यंत असेल, तर मात्र सूट मिळते. परिवर्तित चाऱ्यावर पोसलेल्या जनावरांचे दूध, मांस व अंडी यांवर उल्लेख सक्तीचा नाही. कायमोसिनासारख्या प्रक्रियासाहाय्यक द्रव्यांनाही हा नियम लागत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न दीर्घकाळ स्वेच्छेवर सोडलेला होता. कॅलिफोर्नियात सक्तीच्या उल्लेखाचा प्रस्ताव २०१२ मध्ये मतदारांनी फेटाळला, तर व्हरमाँट राज्याचा कायदा २०१६ च्या जुलैत अंमलात येताच त्याच महिन्यात केंद्रीय कायदा होऊन तो निष्प्रभ झाला. केंद्रीय कायद्याखालील नियम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले व १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचे झाले. त्यांत पाच टक्क्यांपर्यंतच्या नकळत भेसळीस सूट दिली, ‘जैवअभियांत्रिकी’ हा निराळाच शब्द योजला आणि भ्रमणध्वनीने वाचावयाच्या चौकोनी सांकेतिक चिन्हाची पळवाटही ठेवली. ज्यांत परिवर्तित डीएनए आढळत नाही असे अतिशुद्ध घटक वगळण्यात आले. या तरतुदीला न्यायालयात आव्हान देण्यात आले. जपानमध्येही पाच टक्क्यांची मर्यादा आहे, मात्र एप्रिल २०२३ पासून ‘जनुकपरिवर्तित नाही’ असा दावा परिवर्तित अंश मुळीच न आढळणाऱ्या मालावरच करता येतो. एका देशाच्या वेष्टनावर उल्लेख नसण्याचा अर्थ दुसऱ्या देशाच्या वेष्टनावरून लावता येत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तेथून आणलेल्या वा पाठविलेल्या खाऊच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

भारतातील परिस्थिती : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९८९ मध्ये केलेल्या नियमांनुसार परिवर्तित जीवांचा वापर, आयात व पर्यावरणात मोकळीक यांस केंद्रीय समितीची संमती लागते. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या बाविसाव्या कलमान्वये नियमांत तरतूद असल्याखेरीज जनुकपरिवर्तित अन्नाचे उत्पादन, विक्री व आयात करता येत नाही. लागवडीस व्यापारी परवानगी मिळालेले व शेतात रुजलेले पीक एकच, ते म्हणजे बीटी कापूस. बॅसिलस थुरिंजेन्सिस या सूक्ष्मजंतूचे जनुक घातलेल्या कापसाच्या तीन संकरित वाणांना २६ मार्च २००२ रोजी संमती मिळाली. जालन्याच्या एका बियाणे कंपनीने ते तयार केले होते. आदल्याच वर्षी गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस हजारो एकरांवर आढळला होता. पुढे देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी वाणांनी व्यापले.

बीटी वांग्यास संबंधित समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी संमती दिली. त्यानंतर नागपुरासह सात शहरांत जाहीर सुनावण्या होऊन तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी ती स्थगित केली. शेजारच्या बांगला देशात मात्र २०१४ पासून हे पीक शेतकऱ्यांच्या हाती आले. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘डीएमएच-११’ या मोहरीच्या पर्यावरणीय मोकळिकीची शिफारस ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. तथापि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरोधी निर्णय दिले. कायद्याने परवानगी नसलेले वाण शेतात अजिबात नसतात, असे मात्र समजता येत नाही. हरयाणात २०१९ मध्ये विनापरवाना बीटी वांगे आढळले आणि त्याच वर्षी अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेल्या तृणनाशकसहिष्णू कापसाची उघडपणे पेरणी केली.

कापूस हे वस्त्राचे पीक असल्याने त्याचा अन्नाशी संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वस्तुतः भारतीय आहारातील परिवर्तित पिकाचा देशी मार्ग सरकीतूनच जातो. रुई काढून घेतल्यावर उरलेल्या सरकीपासून तेल गाळतात. ते फिकट रंगाचे असून त्याला स्वतःचा उग्र वास नसतो, त्यामुळे फरसाण, वेफर व तळलेल्या इतर पदार्थांसाठी व्यावसायिकांना ते सोयीचे पडते. गुजरातेत घरगुती स्वयंपाकातही त्याचा वापर रूढ आहे. महाराष्ट्रातील गृहिणीने सरकीचे तेल कधी विकत घेतलेले नसले, तरी दुकानातील शेवेबरोबर ते घरात आलेले असण्याची शक्यता पुष्कळ असते. उरलेली पेंड (विदर्भ-खानदेशात ढेप) हे दुभत्या जनावरांचे आवडते खाद्य होय. चाऱ्यातील डीएनए व प्रथिने यांचे जनावराच्या पचनमार्गात विघटन होते. म्हणून पेंड खाणाऱ्या म्हशीचे दूध परिवर्तित मानण्याची प्रथा कोठेही नाही. पण उत्पादनपद्धतीलाच ज्यांचा विरोध आहे, त्यांना हे उत्तर पुरेसे वाटणार नाही.

दुसरा मार्ग आयात तेलाचा. देशातील सोयाबीन, मग ते लातूरचे असो वा माळव्यातील, परिवर्तित नाही. आयात होणारे सोयाबीन तेल मात्र मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझील येथून येते, आणि तेथील जवळजवळ सर्व सोयाबीन परिवर्तित असते. अशा तेलाच्या आयातीस २००७ मध्ये संमती देण्यात आली. देशी व आयात तेल कारखान्यात एकत्र होत असल्याने पिशवीवरील ‘सोयाबीन तेल’ या शब्दांवरून त्याचे मूळ कळत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कुक्कुटपालनासाठी परिवर्तित सोयाबीनची तेलविरहित पेंड आयात करण्यासही मुभा देण्यात आली. ज्यांना तेलाच्या बाबतीत परिहारच करावयाचा आहे, त्यांच्यासाठी शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल, नारळ व तांदळाच्या कोंड्याचे तेल हे सरळ पर्याय आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या या तेलांचा उगम परिवर्तित पिकांत नाही. पाम तेलाच्या झाडाचेही परिवर्तित वाण व्यापारी लागवडीत नाहीत. त्यावरील आक्षेप वेगळे आहेत.

तिसरा मार्ग परदेशी पुडाबंद मालाचा होय. मक्याचे पीठ, मक्याचा पाक, सोयाबीनचे प्रथिन, कॅनोला तेल, शर्कराकंदाची साखर हे घटक अमेरिका वा कॅनडातून आलेल्या मालात असतील, तर ते परिवर्तित पिकाचे असण्याचा संभव बराच मोठा असतो. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१८ मध्ये बाजारातील ६५ नमुने तपासले. त्यांपैकी ३२ टक्क्यांत परिवर्तित अंश आढळले. सकारात्मक ठरलेल्या नमुन्यांपैकी बहुसंख्य आयात मालाचे होते, तर देशी नमुन्यांत सरकीचे तेल हे प्रमुख कारण होते. बहुतेकांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. नमुने थोडे असल्याने हे प्रमाण संपूर्ण बाजारास लावणे योग्य होणार नाही. तथापि नियम कागदावर असणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतर त्यातून दिसून आले.

हा नियम म्हणजे वजनमापे कायद्याखालील पुडाबंद वस्तूंच्या नियमांत झालेली दुरुस्ती होय. १ जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने परिवर्तित अन्न असलेल्या पुड्याच्या दर्शनी भागावर ‘जीएम’ ही अक्षरे छापणे बंधनकारक केले. किती प्रमाणापासून उल्लेख करावा व तपासणी कोणी करावी, याचा खुलासा त्यात नसल्याने ती निष्फळ ठरली. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ व २०२२ मध्ये स्वतंत्र नियमांचे मसुदे प्रसिद्ध केले आणि त्यांत उल्लेखासाठी एक टक्क्याची मर्यादा सुचविली. तत्पूर्वी २०२० च्या आदेशाने चोवीस पिकांच्या आयात मालाबरोबर तो परिवर्तित नसल्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले व तेथेही एक टक्क्यापर्यंतची नकळत भेसळ ग्राह्य मानली. हा आदेश धान्य, फळे अशा पिकांसाठी आहे. प्रक्रिया केलेल्या अन्नाचा त्यात समावेश नाही. एक उणीव मात्र कोणत्याही मसुद्याने भरून निघण्यासारखी नाही. मिठाईवाल्याची, वडापावच्या गाडीची व खानावळीची कढई या सर्व व्यवस्थेच्या बाहेर आहे. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीस मनाई असली, तरी ती चालू असते. वेष्टन वाचून निवड करण्याचा हक्क हा अशा रीतीने पुडाबंद माल परवडणाऱ्या वर्गापुरताच उरतो.

प्रमाणपत्रे व माहितीची साधने : सेंद्रिय प्रमाणित माल हा परिहाराचा सर्वांत सोपा मार्ग समजला जातो. भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात आणि अमेरिका व यूरोपच्या सेंद्रिय नियमांत परिवर्तित बियाणे व घटक निषिद्ध आहेत. २०१७ पासून ‘जैविक भारत’ हे समान चिन्हही वापरात आले. परंतु सेंद्रिय प्रमाणपत्र हे पद्धतीचे प्रमाणपत्र असून प्रत्येक पोत्याची डीएनए चाचणी त्यात अभिप्रेत नाही. अमेरिकेतील फुलपाखराचे चिन्ह असलेले खाजगी प्रमाणपत्र परिवर्तनविरहित मालास दिले जाते. ते उपयुक्त असले, तरी परिवर्तित वाणच अस्तित्वात नसलेल्या पदार्थांवरही ते दिले जात असल्याने खरेदीदाराची दिशाभूल होण्याचा संभव राहतो.

आंतरजालावर या विषयाची माहिती विपुल आहे. तिची विश्वसनीयता मात्र अत्यंत असमान आहे. पारखण्याची एक व्यावहारिक कसोटी सांगता येईल. जी यादी पिकाचे नाव, परिवर्तनाचे स्वरूप, देश व संमतीचे वर्ष सांगते, ती पडताळून पाहता येते. ‘बाजारातील बहुतेक भाज्या परिवर्तित आहेत’ यासारखे विधान पडताळता येत नाही आणि भारताच्या बाबतीत ते असत्यही आहे. पडताळणीसाठी मूळ नोंदी सर्वांना खुल्या आहेत. कार्ताहेना जैवसुरक्षा करार (२०००; अंमल २००३) याखालील माहिती विनिमय केंद्रात सदस्य देशांचे निर्णय नोंदलेले असतात. आर्थिक सहकार व विकास संघटनेने प्रत्येक परिवर्तित वाणास नऊ चिन्हांचा स्वतंत्र ओळखक्रमांक दिला असून त्यामुळे व्यापारी नावे बदलली, तरी वाण ओळखता येतो. यूरोपीय संघाची संमत वाणांची नोंदवही व भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाची माहितीप्रणाली याही पाहण्यासारख्या आहेत. बियाणे उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांचे आकडे व सेंद्रिय मालाच्या विक्रेत्यांचे इशारे हे दोन्ही वाचावेत, परंतु लिहिणाऱ्याचा हितसंबंध लक्षात घेऊन वाचावेत.

निरपायतेचा प्रश्न : मान्यताप्राप्त परिवर्तित पिकांचे अन्न तत्सम साध्या अन्नापेक्षा अधिक अपायकारक असल्याचा सिद्ध पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या विस्तृत अहवालात काढलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अशी की, सर्व परिवर्तित अन्नाविषयी सरसकट विधान करता येत नाही, प्रत्येक पदार्थाची स्वतंत्र तपासणी व्हावी. आंतरराष्ट्रीय बाजारातील मान्यताप्राप्त पदार्थ अशा तपासणीतून गेलेले आहेत. तपासणीची गरज काल्पनिक नाही. ब्राझील नटाचे जनुक घातलेल्या सोयाबीनमध्ये त्या फळाचे अधिहर्षताजनक (ॲलर्जी उत्पन्न करणारे) प्रथिन उतरल्याचे १९९६ मध्ये दिसून आले व ते पीक बाजारात येण्यापूर्वीच सोडून देण्यात आले. केवळ चाऱ्यासाठी संमत केलेला ‘स्टारलिंक’ मका २००० मध्ये अमेरिकेत माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला. तक्रार करणाऱ्यांच्या रक्ताच्या तपासणीत त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिक्रिया आढळली नाही, पण दोन प्रकारचा मका बाजारात वेगळा ठेवता येतो हा विश्वास कायमचा ढळला. उलटपक्षी, परिवर्तित मक्याने उंदरांमध्ये अर्बुदे होतात असे सांगणारा फ्रान्समधील सेरालिनी यांचा २०१२ चा निबंध प्राण्यांची अपुरी संख्या व निवडलेली जात या कारणांवरून २०१३ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. पुढच्या वर्षी तो अन्यत्र प्रसिद्ध झाला. त्यातील छायाचित्रे अद्याप इशाऱ्यादाखल फिरत असतात, मागे घेतल्याचा उल्लेख मात्र त्यांच्यासोबत क्वचितच असतो. तृणनाशकाच्या अवशेषांचा प्रश्न जनुकांच्या प्रश्नाहून वेगळा धरावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट हे द्रव्य २०१५ मध्ये ‘संभवतः कर्करोगजनक’ ठरविले, तर यूरोप व अमेरिकेच्या नियामक संस्थांचे मत त्याहून भिन्न आहे. हे द्रव्य अपरिवर्तित पिकांच्या शेतांतही फवारले जाते.

जनुक-संपादन : २०१२ मध्ये पुढे आलेल्या ‘क्रिस्पर’ तंत्राने परके जनुक न घालता वनस्पतीच्या स्वतःच्या डीएनएत नेमक्या जागी बदल करता येतो. असा बदल नैसर्गिक उत्परिवर्तनासारखाच असू शकतो. ‘३५ एस’ व ‘नॉस’ यांवर आधारलेल्या चाचण्या त्याबाबतीत निकामी ठरतात. भारत सरकारने मार्च २०२२ मध्ये परके डीएनए नसलेल्या संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील परिवर्तित जीवांविषयीच्या प्रमुख तरतुदींतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये ‘कमला’ व ‘पुसा डीएसटी राइस १’ हे भाताचे दोन संपादित वाण जाहीर केले. यूरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये असे जीव परिवर्तितच समजावेत, असा निर्णय दिला होता. भारतात अशा भाताच्या पोत्यावर कोणताही उल्लेख करण्याचे बंधन नसल्याने, तो इतर तांदळापासून वेगळा ओळखावयाचा झाल्यास वाणाचे नाव हीच एक खूण ग्राहकाच्या हाती राहते, आणि किरकोळ दुकानात तांदूळ वाणाच्या खऱ्या नावाने फारसा विकला जात नाही.